शब्दचर्चा : 'आंतरजातीय प्रत्यारोपणातील अतितीव्र अस्वीकार'?

धरमपेठहून प्रश्न : पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी एका प्रकरणाचं मराठी करतेय. डुकराचा अवयव माकडात बसवला की काही मिनिटांत, फार तर काही तासांत, निकामी होतो. शरीराने अवयव असा झटपट नाकारणं म्हणजे इंग्रजीत 'हायपरअक्यूट रिजेक्शन'; त्यासाठी कोशांतून वरचं शीर्षक जुळवलं. घरी वाचून दाखवलं तर विचारतात, "कोणाचं लग्न मोडलं?" सुचवा काहीतरी.

सर (निवृत्त, पशुवैद्यक) : ताई, 'आंतरजातीय' आधी काढा. 'परप्रजातीय' चालेल. माझी खरी हरकत 'अतितीव्र'वर आहे. तीव्र म्हटलं की वाचक जोर समजतो. इथे मुद्दा वेगाचा आहे. म्हणून 'अतिशीघ्र'.

हा वेग येतो कुठून? डुक्कर, गाय, कुत्रा यांच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते. माणसात आणि आफ्रिका-आशियातल्या माकडांत ती नसते. पण आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर तशीच साखर असल्यामुळे तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं (परक्या गोष्टीला चिकटणारी संरक्षक प्रथिनं, अँटीबॉडी) रक्तात आधीपासूनच फिरत असतात. रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडून रक्त आत गेलं की अवयव छान गुलाबी होतो. मग प्रतिपिंडं रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, त्यांच्या जोडीने काम करणारी रक्तातली 'पूरक प्रथिनं' (कॉम्प्लिमेंट) अस्तर फाडतात, गुठळ्या धरतात आणि अवयव जांभळा-काळा पडतो.

काटोलहून : आमच्याकडं जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. जमलं नाही तर 'कलम धरलं नाही' म्हणतो. इथं 'न धरणं' काऊन नको?

सर : शब्द गोड आहे भाऊ, पण झाडात प्रतिपिंडं नसतात. 'धरलं नाही' म्हटलं की कोणी काही केलंच नाही असं वाटतं. इथे तर चक्क हल्ला झालेला असतो.

धरमपेठ : मग 'प्रतिपिंडजन्य' पुरेसं नाही का?

सर : नाही. प्रतिपिंडं नंतर तयार होऊनही अवयव जातो, त्याला दिवस किंवा आठवडे लागतात. म्हणजे 'प्रतिपिंडजन्य अस्वीकार' हे कुळ, 'अतिशीघ्र' ही त्यातली एक शाखा. ती माणसा-माणसातही होते, रक्तगट न जुळवता मूत्रपिंड बसवलं तर. म्हणून 'परप्रजातीय' हा शब्द प्रत्यारोपणाला लावा, अस्वीकाराला नको.

उदाहरण हवं असेल तर बाल्टिमोरचं द्या. जानेवारी २०२२ मध्ये तिथे एका माणसाला डुकराचं हृदय बसवलं. त्या डुकराचे ४ जीन बंद केले होते, त्यातले ३ अशा साखरांचे; माणसाचे ६ जीन घातले होते. अतिशीघ्र अस्वीकार झाला नाही. रुग्ण सुमारे दोन महिने जगला.

धरमपेठ : तर शीर्षक 'परप्रजातीय प्रत्यारोपण : अतिशीघ्र अस्वीकार', आणि 'प्रतिपिंडजन्य' पहिल्याच वाक्यात. 'प्रत्यारोपण' की 'प्रतिरोपण'?

सर : पेपरात रोज 'प्रत्यारोपण'च छापून येतं. पोरांना तेच ओळखीचं, तेच ठेवा.