मदत हवी: मेथी कोण कातरतंय?

मेथी_हवी: अर्जंट आहे. मेथी चार बोटं वर आली की दुसऱ्या दिवशी नुसते देठ उभे, पानं कात्रीनं कापल्यासारखी आणि खाली हिरवे तुकडे. जर्दाळूचा कोवळा पालापण गेला. दोनदा पेरलं, नीमतेल मारलं. पुढच्या महिन्यात आई येतेय, तिला घरची मेथी खायला घालायचीये.

चिंचपान: फोटो टाका. गोगलगाय असणार, रात्री टॉर्चनं चिकट पट्टा शोधा.

गच्चीबाग: ऑक्टोबरच्या उन्हात मेथी लावलीच कशाला? दिवाळीनंतर पेरा.

मेथी_हवी: इथे वसंत चालूये हो. चिलीत आहोत, सांतियागोच्या बाहेर कोलिनाला. पट्टा नाही, रात्री काहीच होत नाही, सकाळीच होतं.

रानवाट: हे आधी सांगायचं ना! जवळ काटेरी झुडपं आहेत? दार करकरल्यासारखा आवाज येतो?

मेथी_हवी: हो! मागे सगळा एस्पिनो, आपल्या बाभळीसारखा. कुंपणावर बुलबुलाएवढा पक्षी बसतो, पोट विटकरी, डोळे लाल. मला वाटलं किडे वेचतोय.

रानवाट: तोच. तिकडे त्याला रारा म्हणतात, आवाजावरून. चोचीच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, त्यानं पानं, कळ्या, फळं कातरतो. एवढ्याशा पक्ष्यानं पाल्यावर जगणं फार दुर्मिळ, पाल्यात कस कमी. तपकिरी रेघांची चिमणीसारखी दिसते ती मादी. नीमतेलाचा उपयोग नाही, जाळी लावा.

गच्चीबाग: ठाण्यात मी कबुतरांसाठी बाल्कनीला नायलॉन जाळी मारून घेतली, एकदम बेस्ट.

चिंचपान: सैल जाळीत पाय अडकून पाखरं मरतात, मी स्वतः सोडवलंय. बारीक भोकाची घ्या, वाफ्यावर कमान करून ताणून बसवा, कडा मातीत दाबा.

गच्चीबाग: माझ्याकडे एकही अडकलं नाही.

सह्यभटक्या: पेरू देशात चिकलायो शहराजवळ पोमाकच्या रानात याचा भाऊबंद बघितलाय. तिथला फार थोडा उरलाय, अल्गारोबोची झाडं तुटली, शेती आली. आपली वेडी बाभूळ त्याच झाडाची जवळची नातेवाईक. आम्ही दोन दिवस फिरलो तेव्हा एक जोडी दिसली, गपचूप बसून पान चावत होती. ताई, तुमच्या कुंपणावर रोज येतो, त्याला हाकलू नका.

मेथी_हवी: हाकलत नाही. मेथीवर कमान करते, जर्दाळूचा पाला त्याला राहू दे.

चिंचपान: बी भारतातून नेलंत का? तिकडे विमानतळावर फार कडक असतात.

मेथी_हवी: नाही, इथल्या दुकानातले मेथीदाणे. आठवड्यात उगवले.