पुंता कानाहून सांतो दोमिंगो: आईबाबांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

जर्सीकर:
डिसेंबरात आईबाबा इकडे अमेरिकेत येतायत, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाचं ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट बुक झालंय पण आमचे बाबा किल्लेवाले, बीचवर एक दिवस बसतील आणि मग "आता काय?" सुरू. म्हणून मध्ये दोन रात्री सांतो दोमिंगोला, म्हणजे तिथल्या राजधानीत, काढाव्या असं डोक्यात आहे. बायको म्हणते पडकी चर्चेस बघायला अडीच-तीन तास गाडीत कशाला बसायचं. कोणी गेलंय का? आईचे गुडघे दुखतात आणि ती शुद्ध शाकाहारी.

भटक्या_विदर्भ:
बिनधास्त न्या. कोलंबसच्या भावाने वसवलेलं शहर, 1502 च्या वादळानंतर ओसामा नदीच्या या काठावर नव्याने उभं केलं, रस्ते तेव्हाच सरळ आखलेत त्यामुळे झोना कोलोनियाल म्हणजे जुन्या शहरामध्ये चुकायला होत नाही. काय्ये लास दामास नावाच्या गल्लीने चालत गेलं की एका टोकाला ओसामा किल्ला आणि दुसऱ्या टोकाला कोलंबसच्या मुलाचा, दिएगोचा वाडा, बाबा खुश. मला तो वाडा बघून जरा वेगळंच वाटलं, आत सगळं नीट मांडलेलं फर्निचर, गच्चीतून नदी दिसते, आणि याच दिएगोच्या शहराबाहेरच्या ऊसमळ्यावर 1521 मध्ये आफ्रिकन गुलामांनी उठाव केला होता, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या उठावांपैकी. हे वाचून जा, नाहीतर नुसता जुना बंगला बघून याल. आणि बाकी एरिया म्युझियम नाहीये हो, लोक राहतात तिथे, कोपऱ्यावरच्या कोल्मादोत म्हणजे आपल्या वाण्याकडे बचाता, म्हणजे तिथली गाणी, फुल्ल आवाजात आणि बाहेर फुटपाथवर म्हातारे डॉमिनो खेळत बसलेले.

स्पष्ट_बोलतो:
एवढं पण चढवू नका राव. डिसेंबरातही दुपारी घाम निघतो, लास दामासला दगडी फरसबंदी आहे, गुडघेवाल्यांचं काम नाही, एल कोंदे हा रस्ता सपाट आहे आणि तिथे गाड्या नाहीत तो बरा. फक्त तिथे अंबर आणि लारिमार या दागिन्यातल्या खड्यांचे दुकानदार हाका मारून मारून पिडतात. शहरातलं ट्रॅफिक तर विचारूच नका. आणि तो 1992 चा कोलंबस दीपस्तंभ, क्रॉसच्या आकाराचा काँक्रीटचा डोंगर, मला तरी भयाण वाटला. कोलंबसच्या अस्थी तिथे आहेत म्हणतात, स्पेनमधले सेव्हिया वाले म्हणतात आमच्याकडे आहेत. स्किप.

म्हापशेकार:
दीपस्तंभ सोडा पण कॅथेड्रल सोडू नका. 1541 मधलं, म्हणजे आमच्या जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचं काम सुरू व्हायच्या वीसेक वर्षं आधीचं! 1586 मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने शहर लुटलं आणि खंडणी घेऊनच गेला. कॅथेड्रलमध्ये जाताना गुडघे झाकतील असे कपडे घाला. समुद्राकडे माँतेसिनोसचा अवाढव्य पुतळा आहे, तोंडाशी हात धरून ओरडतोय असा. हा पाद्री 1511 मध्ये चर्चमध्ये उभा राहून स्पॅनिश मालकांना विचारत होता, हे ताइनो, म्हणजे इथले मूळ रहिवासी, माणसं नाहीत का? मला अख्ख्या शहरात तोच आवडला. टॅक्सीतून उतरून पाच मिनिटात होतं, आईंना त्रास नाही.

जर्सीकर:
@म्हापशेकार भारी, बाबांना आत्ताच फॉरवर्ड केलं. जेवणाचं कोणी सांगा ना, आणि पासपोर्ट भारतीय आहे तर व्हिसा?

खादाड_काकू:
व्हिसा: अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर वेगळा लागत नाही, ऑनलाइन ई-तिकीट फॉर्म भरायचा, तो फुकट असतो, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका. जाण्याआधी एकदा नियम चेक करा. जेवण: मोरो दे ग्वांदुलेस मागवा, म्हणजे तुरीच्या दाण्यांचा भात हो, आपलीच तूर! पण त्यात कधी हॅम नाहीतर चिकनचं पाणी घालतात, आणि नुसतं "मीट नको" म्हटलं की चिकन आणून ठेवतात, त्यामुळे चिकन नको, हॅम नको, मासे नको असं एकेक नाव घेऊन सांगायचं. सकाळी मांगू, उकडून कुस्करलेली कच्ची केळी, वर परतलेला कांदा, सोबतचं सलामी काढायला सांगा. तोस्तोनेस म्हणजे कच्च्या केळ्याचे तळलेले चपटे काप तर आईंना आवडतीलच, फक्त तळण वेगळं असतं का ते मात्र विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी एकाच तेलात सगळं.