शिष्यवृत्तीवर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलींना पैशांपलीकडे काय द्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सात जण बार्शीच्या एकाच शाळेतले, दहावीचे वर्गमित्र. गेली काही वर्षं दरमहा वर्गणी काढून तालुक्यातल्या मुलींना कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी मदत करतो. सध्या चौघी आहेत: दोघी पुण्यात, एक सोलापुरात, एक छत्रपती संभाजीनगरला. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची फी सरकार भरतं. त्यामुळे आमचे पैसे आता लॅपटॉप, मेस आणि खोलीभाडं याकडे वळले आहेत. पैशांचं जमतंय. प्रश्न वेगळाच आहे.

दिवाळीत चौघी घरी आल्या होत्या, तेव्हा भेटलो. तिसऱ्या वर्षातलीला विचारलं, इंटर्नशिप कुठे करणार? म्हणाली, "कॉलेज सांगेल तिथे." हुशार मुलगी आहे, दोन्ही वर्षं नऊच्या वर सीजीपीए. पण वर्गातल्या शहरी मुली पहिल्या वर्षापासून हॅकेथॉनला (टीमने सॉफ्टवेअर बनवायच्या स्पर्धांना) जातात, आणि हिला कुणी टीममध्ये घेत नाही. विचारायचं कसं, हे तिला कळत नाही.

दुसरी सोलापूरची. तिचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय. आम्हाला तिने सांगितलंच नव्हतं, तिच्या आईकडून कळलं. मदत बंद होईल अशी भीती वाटली म्हणे. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडून पैसे घेणारी मुलगी आम्हालाच घाबरत असेल, तर आमचंच काहीतरी चुकतंय.

आमच्यात आयटीमधला एकच, तोही सॅपवाला (कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्याला कोडिंगच्या वाटा फारशा माहीत नाहीत. म्हणून विचारतोय:

छोट्या कॉलेजच्या मुलींना खरोखर मिळू शकतील अशा, खिसा न कापणाऱ्या संधी कोणत्या? कुठल्या वर्षी काय करावं? आणि त्यांच्याशी नियमित बोलायचं तर कसं, म्हणजे ती तपासणी वाटणार नाही?

– भीमाकाठ

---

खडूफळा:
संगणक विभागात शिकवतो, म्हणून लिहितो. आधी एम-थ्री. बाकी सगळं त्यानंतर. एटीकेटी घेऊन, म्हणजे विषय राहिलेला असताना, पुढच्या वर्षात गेलेली मुलं नवे विषय आणि जुना पेपर यांत दोन्हीकडून अडकतात. आठवड्याला दोन तास समोर बसून शिकवणारं माणूस शोधा. व्हिडिओने हे काम होत नाही, असा माझा अनुभव आहे.

बाकीच्यांसाठी एनपीटेल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स. व्याख्यानं फुकट, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला हजार रुपये. ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्या प्रमाणपत्राला वजन आहे. सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा पायथॉनमधून डेटा स्ट्रक्चर्स शिकवणारा आठ आठवड्यांचा कोर्स आहे. तो दुसऱ्या वर्षात केला तर तिसरं वर्ष बरंच हलकं जातं.

तिसऱ्या वर्षातलीसाठी आयआयटी मुंबईचा फॉसी हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प बघा. त्यांच्या उन्हाळी फेलोशिपला आधी एक काम करून दाखवायचं असतं आणि त्यावरून निवड होते. कॉलेजचं नाव तिथे आड येत नाही. माझ्या मते तुमच्या मुलीसाठी हाच सगळ्यात सरळ रस्ता आहे. आयआयटी मुंबईचेच स्पोकन ट्युटोरिअल मराठी आवाजातही आहेत, पहिल्या वर्षातल्या मुलींनी त्यावरून लिनक्स आणि सी शिकून घ्यावं. संशोधनाची आवड दिसली तर भारतीय विज्ञान अकादमीची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, तिचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतात.

चौघींपैकी कुणी पहिल्या वर्षात असेल तर एआयसीटीईच्या (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) प्रगती शिष्यवृत्तीचं आत्ताच बघा. वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. सरकारी फी-सवलतीबरोबर चालते का, हे मात्र अर्जाआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्या.

---

रानजाई:
दादा, तुमची पोस्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. मीही मदतीवर शिकले, आता पुण्यात डेव्हलपर आहे. सेकंड इयरला माझाही एक विषय राहिला होता आणि मीही लपवला होता. मला मदत करणारे काका फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, "रिझल्ट काय?" चांगला माणूस, पण फोन वाजला की पोटात गोळा यायचा.

एक करा. चौघींना लिहून द्या की विषय राहिला तरी मदत चालू राहील. नुसतं तोंडी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहा. आणि पैसे पाठवणारा व बोलणारा माणूस वेगळे ठेवा. बोलणाऱ्याने मार्क विचारायचेच नाहीत. या आठवड्यात काय अडलं, एवढंच.

ओपन सोर्सबद्दल, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरबद्दल. गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात नवख्यांना अशा प्रकल्पांवर मानधन घेऊन काम करता येतं. त्यात २०२२ पासून फक्त विद्यार्थीच नाही, अठरा वर्षांवरचं कुणीही नवखं माणूस भाग घेऊ शकतं. अर्ज मार्चच्या सुमारास असतात, पण संस्था तुमचं आधीचं काम बघतात. म्हणून एखादा प्रकल्प आत्ताच निवडून त्यातल्या छोट्या चुका दुरुस्त करायला लागावं. आउटरीची ही तशीच इंटर्नशिपही आहे, त्यात तीन महिन्यांचे ७,००० डॉलर मिळतात. पण सेमिस्टरच्या तारखा आड येऊ शकतात, अर्जात कॉलेजचं वेळापत्रक द्यावं लागतं.

मुलाखतीची तयारी आधी मराठीत करून घ्या. उत्तर डोक्यात पक्कं झालं की इंग्रजी मागून येतं. महिन्यातला एक रविवार मी त्यांना देईन.

---

अर्धविराम:
स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या टीममध्ये सहा जण लागतात आणि त्यात किमान एक मुलगी हवीच. त्यामुळे तिला टीम मिळेल. पण आमच्या कॉलेजात मुलगी घ्यायची, पीपीटी तिच्याकडे द्यायची आणि कोड बाकीच्यांनी लिहायचा, असं सर्रास चालायचं. तिने टीममध्ये जातानाच सांगावं, एक मॉड्यूल माझं. लाजू नको म्हणावं.

---

भीमाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही सातही जण फोनवर बसलो. रानजाईताई, तुम्ही म्हणालात तसा मेसेज लिहून चौघींना पाठवला. सोलापूरच्या मुलीचं दहा मिनिटांत उत्तर आलं. एम-थ्रीबरोबर अजून एका विषयाचं प्रॅक्टिकलही राहिलंय, तेही तिने स्वतःहून सांगितलं. कधी नव्हे ते पहिल्यांदाच.

तिसऱ्या वर्षातली फॉसीचं बघतेय. तिला खडूफळा सरांशी एकदा बोलायचंय, चालेल का सर? बोलण्याचं काम आमच्यातल्या एका मैत्रिणीने घेतलंय. ती शाळेत शिकवते, पैशांच्या हिशेबात ती नसेल.

आता एकच अडलंय. सोलापुरात, शक्यतो सात रस्त्याच्या आसपास, संध्याकाळी एम-थ्री शिकवू शकेल असं कुणी ओळखीत आहे का? मानधन देऊ. असल्यास कृपया व्यनि (खासगी निरोप) करा.