मदत हवी आहे: कीलेस गाडी चोरांपासून कशी वाचवायची? (टोरांटो परिसर)

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडात, टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहतो. समोरच्यांची एसयूव्ही परवा पहाटे ड्राइव्हवेवरून चोरीला गेली. काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही. त्यांच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं: एक जण तारेचं मोठं वेटोळं हातात धरून घराच्या भिंतीलगत हळूहळू सरकतोय, दुसरा गाडीच्या हँडलपाशी उभा. मधेच आरसे उघडले आणि गाडी निघाली. चावी मात्र दारामागच्या खुंटीला होती तशीच. आमचीही गाडी कीलेस (चावी खिशात असली की आपोआप उघडणारी आणि सुरू होणारी), आणि आमचीही खुंटी दाराशेजारी.

जे वाचलं त्यावरून एवढं समजलं. गाडी एक कमजोर सिग्नल सोडते. चावी अगदी जवळ असली तरच तो तिला मिळतो आणि ती उत्तर देते. चोर दोन यंत्रं लावून हीच देवाणघेवाण लांबवर पोचवतात, यालाच रिले चोरी म्हणतात. कोड फोडावाच लागत नाही, म्हणून एन्क्रिप्शन भक्कम असूनही काही फरक पडत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्येच 10 मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. चावीचं अंतर खरोखर मोजणारं यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड) रेडिओ तंत्र काही गाड्यांत आलंय, तरीही बाकीच्या गाड्या तशाच विकल्या जातात याचा संताप येतो.

आणि इथल्या सरकारने पहिलं बोट कुणाकडे दाखवलं, तर फ्लिपर झीरोकडे, म्हणजे रिमोट आणि कार्डांचे सिग्नल वाचणाऱ्या खिशात मावणाऱ्या उपकरणाकडे! फेब्रुवारी 2024 मध्ये ओटावात गाडीचोरीवर राष्ट्रीय परिषद झाली, तेव्हा उद्योगमंत्री शॅम्पेन यांनी त्यावर बंदी आणायची घोषणा केली. वास्तविक ते छोटं उपकरण वर सांगितलेली रिले चोरी करूच शकत नाही. ब्रिटनने 2025 च्या विधेयकात रिले यंत्रं आणि जॅमर (सिग्नल अडवणारी यंत्रं) बाळगण्यावर 5 वर्षांपर्यंतची कैद सुचवली, ते मला जास्त पटतं. पण टोळ्यांना कायद्याची भीती किती? इथून चोरलेल्या गाड्या कंटेनरमध्ये भरून माँट्रियल बंदरातून परदेशी जातात.

आता अडचणी.

चावी फॅरडे पाऊचमध्ये, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या अस्तराच्या पिशवीत, ठेवायला लागलोय. नव्या पाऊचमध्ये चावी घालून गाडीशी उभा राहिलो, हँडल ओढलं, दार उघडलं नाही. बायकोच्या जुन्या पाऊचचं अस्तर शिवणीपाशी उसवलंय, त्यात ठेवली तर लगेच उघडलं. तेव्हा ज्यांच्याकडे पाऊच आहे त्यांनी कृपया आजच तपासा. आणि दुसरी, जादा चावी कपाटात उघडी पडलेली असते, तीही पाऊचमध्ये टाका.

पण पाऊचने सगळं भागत नाही. लंडनमध्ये 2022 साली एका गाडीच्या हेडलाइटमागच्या वायरिंगमधून थेट कॅन बसमध्ये (गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात त्या तारांच्या जाळ्यात) शिरून चोरी झाली होती. तिथे चावीचा संबंधच येत नाही. म्हणून पिन टाकल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर बसवायचा विचार आहे. डीलर म्हणतो वॉरंटी जाईल, बसवणारा म्हणतो काही होत नाही. खरं काय? विमा कंपनीला आधी लेखी कळवावं लागतं का? कीलेस सोय कायमची बंद करून मिळते का? मला बटण दाबून दार उघडायला काहीच हरकत नाही. स्टिअरिंगचा लोखंडी लॉक आजपासून लावतोय.

आणखी एक. भाचा इथे इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, त्याच्याकडे फ्लिपर आहे. त्यावर तो घरातले रिमोट आणि कार्डं वाचून बघतो, अभ्यास म्हणून. जून 2024 पासून गाडीचोरीचं उपकरण बाळगणं हा इथे वेगळा गुन्हा झालाय, 10 वर्षांपर्यंत शिक्षा. चोरीचा हेतू नसेल तर त्याला धोका नाही ना? बहीण पुण्याहून रोज फोन करून विचारते. कुणी वकील असतील तर कृपया सांगा.

ओंटारियोत ज्यांनी इमोबिलायझर बसवून घेतलाय त्यांनी खर्च इथे लिहा. बसवणाऱ्याचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंत तरी चालेल.