मिरवणुकीच्या फोटोंसाठी १३००डी पुरेल की आर५० घ्यावा?

प्रश्न: माझ्याकडे कॅनन १३००डी हा डीएसएलआर कॅमेरा, १८-५५ आणि ५० एफ/१.८ लेन्स आहेत. लक्ष्मी रोडवर रात्री ढोल-ताशा पथकांचे फोटो काढायचेत. कॅननचाच मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा ईओएस आर५० घेतल्यास कितपत फरक पडेल?

उत्तर १: फोकसमध्ये खूपच. १३००डीला ९ फोकस पॉइंट, त्यात मधला एकच क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा); कमी उजेडात बाकीचे चाचपडतात. वेग सेकंदाला ३ फोटो. आर५० वादकाचा डोळा धरून ठेवतो आणि १२ फोटो काढतो. दोन्ही लेन्स ईएफ-ईओएस आर अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालतील.

उत्तर २: आर५०वर पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलता सेन्सरनेच फोटो घेणं) मात्र टाळा, एलईडी रोषणाईत पट्टे येतात. जुना फ्लॅश थेट बसत नाही, एडी-ई१ अडॅप्टर लागतो. बॅटरीही वेगळी, एलपी-ई१७. एक-दोन जास्तीच्या घ्याच.

प्रश्नकर्ता: यंदा खर्च नको असेल तर?

उत्तर १: मग १३००डीला ५०ची लेन्स लावा, मधला फोकस पॉइंट, एआय सर्वो (हलत्या माणसावर सतत फोकस), एफ/२, आयएसओ ६४००. टिपरू स्थिर दिसायला शटर १/५०० सेकंद, हलतं चालेल तर १/१२५. रॉमध्येच (नंतर उजेड-रंग सुधारता येणारी मूळ फाइल) काढा.

उत्तर २: गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका. मिररलेसमध्ये तर सेन्सर उघडाच असतो.