रक्ताच्या डागांवरून उगमाची उंची छताच्याही वर येते, चूक कुठे?

प्रश्न (न्यायवैद्यक_सराव): जमिनीवरच्या कागदावर शिंतोडे उडवून मोजमाप चालू आहे. डाग १० मिमी लांब, ९.८ मिमी रुंद. रुंदी भागिले लांबी, त्याचा साइन इन्व्हर्स घेतला की थेंब आदळल्याचा कोन येतो ७८.५ अंश. डागांचे मध्यअक्ष मागे वाढवले तर ते डागापासून ६० सेंमीवर एकत्र येतात. ६० गुणिले टॅन ७८.५ म्हणजे जवळपास २९५ सेंमी! सूत्र चुकतंय का?

मोजपट्टी: सूत्र बरोबर आहे, डागाची निवड चुकली. रुंदी ९.६ मिमी धरून बघा: कोन ७३.७, उंची २०५ सेंमी. ०.२ मिमीच्या फरकाने ९० सेंमी गेले. तोच ०.२ मिमीचा फरक ५ बाय १० मिमीच्या डागात कोन ३० वरून फक्त ३१.३ वर नेतो. म्हणून जवळजवळ गोल डाग उंचीसाठी घेऊच नका, लांबट घ्या. लांबी मोजताना शेपूट सोडा. त्याच ५ बाय १० च्या डागाला ३ मिमीची शेपूट जोडली तर ३० चे २२.६ अंश होतात. कॅमेरा पृष्ठभागाला काटकोनात हवा आणि स्केल डागाच्याच पातळीत.

उत्तर_कोकण: मूळ अडचण त्याच्याही आधीची आहे. थेंब सरळ रेषेत येतच नाही. गुरुत्वाकर्षणाने त्याचा मार्ग वाकतो आणि जमिनीवर तो जास्त उभा आदळतो. डागापासून त्या कोनात मागे दोरी सरळ ताणली की ती खऱ्या मार्गाच्या वरूनच जाते. त्यामुळे दोरीची उंची म्हणजे कमाल मर्यादा. उगम तिच्या खाली कुठेतरी. उंचीसाठी भिंतीवरचे, वर चढताना आदळलेले बारीक डाग निवडा. जमिनीवरचे डाग जागा ठरवायला चांगले. कापडावरच्या डागाचा मात्र कोन काढू नका, विणीतून रक्त पसरतं आणि आकार बिघडतो.

मोजपट्टी: अगदी बरोबर. एक भर: माशा रक्त खाऊन भिंतीवर ठिपके सोडतात. त्यांच्या शेपट्या वाटेल त्या दिशेला असतात. ते आधी वगळा, नाहीतर छेदबिंदू उगाच सरकतो. आणि अहवालात एकच आकडा देऊ नका, पट्टा द्या, म्हणजे इतक्यापासून इतक्यापर्यंत. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या २००९ च्या अहवालाने या विश्लेषणातली अनिश्चितता प्रचंड असल्याचं स्पष्ट म्हटलंय. ‘उगम जमिनीपासून १ मीटरच्या आत’ एवढंच पुराव्याला झेपत असेल, तर तेवढंच लिहा.