खून-तपासाखेरीजही बघा

कोणत्या मालिका बघाव्यात, या प्रश्नावर बहुतेकांनी खून-तपासाच्याच मालिका सुचवल्या आहेत, म्हणून जरा वेगळी भर घालतो. अणुभट्टीच्या स्फोटावरची 'चेर्नोबिल' (2019) आधी बघा, पाचच भाग आहेत. स्फोटाने छतावर उडालेले अणुभट्टीतल्या ग्रॅफाइटचे किरणोत्सर्गी तुकडे फावड्याने खाली ढकलायला माणसांना जेमतेम 90 सेकंद मिळतात. मास्कमधला श्वास आणि किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राची कडकड ऐकून अंगावर काटा येतो. त्यानंतर लगेच गंभीर काही लावू नका. 'डिटेक्टरिस्ट्स' घ्या. शेतांतून जुन्या वस्तू शोधत हिंडणारे दोन मित्र, कसलीही घाई नाही. मला अतिशय आवडलेली मालिका. राजकारणासाठी डॅनिश 'बोर्गेन', पण मूळ आवाजात, सबटायटल्स लावूनच. आणि मुलांना 'प्लॅनेट अर्थ 2' या निसर्गावरच्या माहितीपट मालिकेतलं सापांच्या तावडीतून निसटणारं इग्वाना सरड्याचं पिल्लू नक्की दाखवा.